इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ

इंग्रजी शब्दाचा मराठीत अर्थ काय, हा प्रश्न शाळेतील मुलाला फार सोपा वाटतो. कोश उघडावा, शब्द काढावा, समोर जे छापले असेल ते वहीत उतरून घ्यावे, की काम झाले. परंतु समोर जे छापलेले असते ते कोणी तरी, केव्हा तरी, कोणत्या तरी कामासाठी ठरविलेले असते, याची जाणीव त्या मुलास नसते. आणि पुष्कळदा त्याच्या गुरुजींसही नसते. शब्दाच्या पोटात अर्थ आपोआप नांदत नाही. तो कोणास तरी पसंत करावा लागतो, आणि पसंत करणारा मनुष्य ज्या गावचा, ज्या कचेरीतला, ज्या हेतूचा असेल, त्या गावचा, कचेरीचा व हेतूचा वास त्या अर्थाला लागतो.

इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ देण्याचा हा उद्योग सव्वादोनशे वर्षांचा आहे. तो श्रीरामपूर, मुंबई, पुणे, बडोदे व नागपूर येथे चालला. पण त्याचा परिणाम कोठवर पोचला हे पाहावयाचे असेल, तर यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूरसारखे गाव डोळ्यांपुढे ठेवावे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांवर नाव मिळविलेले हे गाव. आसपासच्या मुलखात त्याला नुसते राजूर न म्हणता ‘राजूर कॉलरी’ असेच म्हणतात. म्हणजे एक इंग्रजी शब्द येथे अर्थ विचारण्याच्या आधीच गावाच्या नावाला येऊन चिकटला.

परकी शब्दाला आपला शब्द द्यावयाचा, ही कल्पना इंग्रजांनी शिकविली असे मात्र नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी व दखनी अशा सुमारे १३८० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री व सरनौबतास सेनापती अशी नावे मिळाली. यातील गंमत अशी की, हेच शब्द पुढे तीनशे वर्षांनी इंग्रजी शब्दांच्या अंगावर चढविण्यात आले. सुरनीस दप्तर पाहत असे, पत्रे तपासून दुरुस्त करीत असे. म्हणून आजच्या सेक्रेटरीस सचिव म्हणणे कसेबसे खपून जाते. पण वाकनीस हा राजाच्या दिनचर्येची टिपणे ठेवणारा व त्याच्या खाजगी कारभाराकडे पाहणारा अधिकारी. त्याचे नाव आज खाते सांभाळणाऱ्या मिनिस्टराला मिळालेले आहे. फारसी काढण्यासाठी घडविलेली तरवार इंग्रजी काढण्यासाठी वापरली गेली, एवढेच.

छापील कोशांचा आरंभ बंगालातून झाला. श्रीरामपूरचे पादरी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. या कोशातील मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले आहेत. कॅरीच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. इंग्रजी साहेबाच्या नावावर निघालेल्या प्रत्येक मराठी कोशामागे असा एखादा पंडित उभा असतो. मुखपृष्ठावर त्याचे नाव क्वचितच येते. १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांनी मुंबईस दोन भागांचा कोश काढला. त्याच्या दुसऱ्या भागात इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ होते. पण तो लहान होता आणि पुढील कामाने लवकरच झाकला गेला.

ते पुढील काम म्हणजे मोल्सवर्थ व कँडी यांचे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतील अधिकारी. त्याच्या साह्यास थॉमस कँडी व जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ होते, तेही फौजेतलेच. त्याच सुमारास जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदिकरून शास्त्रीमंडळींनी मराठी शब्दांना मराठीतच अर्थ देणारा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ सिद्ध केला. तो १८२९ पासून छापून बाहेर पडू लागला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६० हजारांवर गेले. इंग्रजी भाषेचा डॉक्टर जॉन्सनकृत प्रख्यात कोश १७५५ चा, आणि त्यात ४२ हजारांच्या वर शब्द. मराठीसारख्या, छापखाना नुकताच पाहिलेल्या भाषेने पहिल्याच मोठ्या खेपेस त्याच्या जवळपास यावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मराठी शब्द इंग्रजांना समजावून सांगणे हे एक काम. उलट दिशेचे काम अगदी निराळे व अधिक अवघड होते. पहिल्यात शब्द बाजारात, शेतात, देवळात ऐकावयाचा व त्याचे वर्णन करावयाचे. दुसऱ्यात शब्द इंग्लंडातून येतो, आणि त्याच्या मागची वस्तू, संस्था किंवा कल्पना अजून आलेलीच नसते. जॉन्सनचे काम सोपे होते असे नाही. परंतु तो इंग्रजी शब्दाची व्याख्या इंग्रजीतच करीत होता, म्हणून त्याला चार ओळी लिहून समजूत घालता येई, आणि जाता जाता एखाद्या धान्याच्या व्याख्येत स्कॉटिश लोकांना चिमटाही काढता येई. मराठी अर्थ देणाऱ्यास ती मोकळीक नव्हती. त्याच्याकडून लोकांना व्याख्या नको होती, शब्द हवा होता. भाषांतराच्या वाक्यात नेऊन बसविता येईल असा एक शब्द.

मोल्सवर्थने इंग्रजी-मराठी कोशाची आखणी केली व आरंभही केला. परंतु प्रकृती ढासळल्याने १८३६ मध्ये तो विलायतेस परत गेला. जॉर्ज कँडी धर्मोपदेशाकडे वळला. उरला थॉमस. त्याने एकट्याने ते काम रेटले, आणि १८४७ मध्ये मुंबई सरकारसाठी केलेला तो जाडजूड कोश बाहेर आला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८७३ ची. त्यानंतर चार वर्षांनी, १८७७ मध्ये, कँडी वारला. मध्यंतरी तो पुण्याच्या पाठशाळेचा प्रमुख होता, सरकारी भाषांतरांचा तपासनीस होता, १८५० मध्ये त्याने मराठीतील विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले, आणि शाळांतून चालावयाचे मराठी पुस्तक त्याच्या लेखणीखालून गेल्याशिवाय सहसा छापले जात नसे.

कँडीच्या कोशाचा खरा गुण त्याच्या अनिश्चयात आहे, असे म्हटले तर पुष्कळांस ते विचित्र वाटेल. एका इंग्रजी शब्दापुढे तो एक मराठी शब्द टाकून मोकळा होत नाही. चार, सहा, कधी दहा शब्दांचा ढीग घालतो. त्यात संस्कृत असते, फारसी असते, कुणब्याच्या तोंडचे असते. कोणता घ्यावा हे वाचणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवावे. आज परीक्षेसाठी एका शब्दाला एकच अर्थ पाठ करणाऱ्या मुलास हा कोश निरुपयोगी वाटेल. परंतु अर्थ एकच असतो हा समज परीक्षेने लावलेला आहे, भाषेने नव्हे.

ज्या मनुष्याने कोशात ढीग घातला, त्यालाच शाळेच्या पुस्तकांत मात्र एक शब्द निवडून द्यावा लागे. आणि तेथे वाद उभा राहिला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली, तेव्हा त्यांचा एक मोठा राग या सरकारी मराठीवर होता. मराठी कशी लिहावी याचा निवाडा एका इंग्रज गृहस्थाने करावा, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. विशेष म्हणजे त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे त्याच शिक्षणखात्यात भाषांतराच्या कामावर होते. मुलाचा राग बापाच्या कचेरीवर निघाला, असे कोणी म्हटले तर ते अन्यायाचे होईल. कारण तक्रार खरी होती. इंग्रजी वाक्याच्या साच्यात ओतलेली मराठी वाक्ये तेव्हापासून जी सुरू झाली ती आजही थांबलेली नाहीत. तथापि, कोशाचा हिशेब निराळा मांडला पाहिजे. चिपळूणकरांच्या शिष्यांनीही अडले की तोच कोश उघडला.

वऱ्हाडाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८४७ मध्ये कँडीचा कोश निघाला तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभारात आले, आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडले गेले. राजूर ज्या जिल्ह्यात होते त्याला इंग्रजी दप्तरात वणीवरून नाव पडले होते. पण त्याचे स्पेलिंग असे की मराठी माणूस ते ‘ऊन’ वाचील. १९०५ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. पुण्याच्या शब्दांना येथे पोचेपर्यंत आधीच दुसरे शब्द बसलेले होते. पश्चिम महाराष्ट्रात जो तलाठी, तो येथे पटवारी. तेथे तालुका, येथे तहसील. तेथे मामलेदार, येथे तहसीलदार. वर जिल्ह्याचा मुख्य अधिकारी मुंबई इलाख्यात कलेक्टर होता, तर मध्य प्रांत-वऱ्हाडात डेप्युटी कमिशनर. येथील जुन्या माणसांच्या तोंडी डी. सी. म्हणून जो असे तो हाच. काम एक, इंग्रजी नावे दोन. मग मराठी अर्थ तरी एक कसा राहावा? कोशातील मराठी ही एकाच मुलखाची मराठी असते, हे वऱ्हाडी विद्यार्थ्यास कोणी न सांगताच कळत आले आहे. त्याला इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ पाठ केल्यावर त्या मराठी शब्दाचाही अर्थ विचारावा लागे.

त्यातून हा प्रांत दुभाषी. हिंदी व मराठी या दोन्ही भाषा शाळेत व कचेरीत चालत, दोन्ही संस्कृतातून शब्द उचलीत, आणि एकच संस्कृत शब्द निरनिराळ्या इंग्रजी शब्दांना वाहून देत. एज्युकेशनला हिंदीत शिक्षा म्हणतात. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. या योगायोगावर शाळेतील मुलांनी पुष्कळ विनोद केले आहेत, आणि ते सगळेच चुकीचे आहेत असे म्हणवत नाही. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. राजीनामा हा शब्द तर कोर्टात घोटाळा करणारा. हिंदी मुलखात दोन्ही पक्षांनी राजीखुशीने केलेल्या तडजोडीच्या लेखाला तो लावतात. मुंबई इलाख्यात रयतेने जमीन सोडल्याचा जो कागद लिहून द्यावयाचा, त्याला राजीनामा म्हणत, आणि घेणाऱ्याने कबुलायत लिहून द्यावयाची. तेथून नोकरी सोडण्याच्या पत्रालाही तेच नाव मिळाले. शब्द एकच, फारसी. इंग्रजी अर्थ दोन. आणि दोन्ही बरोबर.

साहित्यातील एक उदाहरण याहूनही बोलके आहे. इंग्रजीत ज्याला नॉव्हेल म्हणतात त्या प्रकाराला मराठीने कादंबरी हे नाव दिले. कादंबरी हे सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका संस्कृत ग्रंथाचे व त्यातील नायिकेचे नाव. एका पुस्तकाचे विशेषनाम साऱ्या जातीचे सामान्यनाम झाले. कानडीनेही तेच केले. बंगाली व हिंदीने उपन्यास म्हटले. गुजरातीने नवलकथा, ज्यात इंग्रजी शब्दाचा आवाजही राहिला आणि नवलाचा अर्थही आला. इकडे वर्धा-पैनगंगेपलीकडच्या तेलुगूत मात्र उपन्यासम् म्हणजे व्याख्यान. नागपूरचा हिंदी विद्यार्थी उपन्यास वाचावयास बसेल, त्याच शब्दावर तेलुगू विद्यार्थी ऐकावयास बसेल. यातला कोणता अर्थ खरा, असे विचारण्यात हशील नाही.

कोशांची पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. बाबा पदमनजींनी १८६० मध्ये सुटसुटीत इंग्रजी-मराठी कोश काढला व १८६३ मध्ये मोल्सवर्थचा संक्षेप केला. शाळांच्या बाकांवर मूळ कोशांपेक्षा हेच अधिक दिसले. नी. बा. रानडे यांचा विसाव्या शतकाच्या नावाचा मोठा इंग्रजी-मराठी कोश १९०३ पासून भागशः निघू लागला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, बंगाली, फारसी व संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ मध्ये छापविला. स्वातंत्र्यवीर सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ याच काळातली. मेयरला महापौर हा त्यांचा शब्द आज इतका रुळला आहे की त्यावर एके काळी लोक हसले होते हे कोणास खरे वाटू नये.

नागपुरात डॉ. रघुवीर यांनी सर्व इंग्रजी शास्त्रीय शब्दांना संस्कृत धातूंवरून नवे शब्द देण्याचा संकल्प सोडला. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, कार्बनला प्रांगार. प्रांगारात अंगार आहे, आणि कोळशाच्या मुलखाला तो शब्द शोभलाही असता. पण मराठीत प्राणवायू आधीच घरचा झाला होता, आणि कार्बनसाठी कर्ब हा आवाजावर बेतलेला शब्द शाळेत चालत होता. पद्धत निर्दोष, विद्वत्ता अफाट, आणि शब्द मात्र कोशात राहिले. शब्द घडविणाऱ्याने आधी बाजारात फेरी मारून यावे, हे जे कँडीच्या पंडितांना कळले होते ते येथे विसरले गेले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघाले व १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हणून झोडपले. महाराष्ट्रभर हशा पिकला. तरी आज जिल्हाधिकारी, आयुक्त, संचालक, अभियंता, अधीक्षक हे शब्द म्हणताना कोणीही हसत नाही. थट्टा झालेला शब्द मरतोच असे नाही. तो सरकारी पाटीवर राहिला तर वाचता वाचता एक पिढी त्याला सरावते. मात्र जो शब्द पाटीवर टिकतो तो तोंडात येतोच असेही नाही: लोक अजून अर्ज घेऊन जातात तो कलेक्टर हापिसातच.

येथवर कोशांची गोष्ट झाली. परंतु अर्थ ठरविण्याचा अधिकार कोशापेक्षाही कायद्याच्या हाती अधिक असतो, आणि तेथे चुकलेल्या अर्थाची किंमत गुणांत नव्हे, पैशांत किंवा तुरुंगात मोजावी लागते. १८६० च्या दंडसंहितेच्या मराठी भाषांतरात कँडीचा हात होता. ती संहिता ३० जून २०२४ पर्यंत चालली. तिच्यात नुसती दुखापत व जबर दुखापत यांचा भेद होता. जबर म्हणजे किती जबर, हे संहितेने आठ प्रकार सांगून बांधून टाकले होते. त्यांपैकी एक असा की, जखमी मनुष्य वीस दिवस तीव्र वेदनेत असला किंवा आपला नेहमीचा व्यवसाय करू शकला नाही, तर ती जबर दुखापत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हे वीस दिवस पंधरावर आणले. शब्द तोच, अर्थ पाच दिवसांनी बदलला.

खाणीत हेच. १९५२ च्या खाण कायद्याने कळविण्याजोगी दुखापत कोणती याची व्याख्या केली होती: जिच्यामुळे कामगारास ७२ तास किंवा अधिक काळ कामावरून दूर राहावे लागेल ती. ७१ तास दूर राहिलेल्याचे दुखणे कमी नसे, पण कायद्याच्या भाषेत त्याला ते नाव नव्हते. कोळसा खाणीच्या भाषेत इंग्रजी शब्दांनाही खाली उतरल्यावर दुसरे अर्थ येतात. रूफ म्हणजे घराचे छप्पर नव्हे, कोळशाच्या थरावरचा खडक. पिलर म्हणजे बांधलेला खांब नव्हे, तर ते छत तोलण्यासाठी न काढता ठेवलेला कोळसाच. डिस्ट्रिक्ट म्हणजे यवतमाळ जिल्हा नव्हे, भुयारातील एक विभाग. आणि त्या विभागावर जो देखरेख करतो त्याला १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत म्हटले होते सरदार. शिंदे-होळकरांचा हा शब्द इंग्रजी कायद्याने उचलला, त्याला परीक्षेचे प्रमाणपत्र जोडले, आणि इंग्रजी अक्षरांत लिहून परत हिंदुस्थानच्या खाणीत उतरविला. मराठी अर्थ देणाऱ्याने याला काय अर्थ द्यावा? खाणीतील कामगाराने मात्र कोशाची वाट पाहिली नाही. शिफ्टला त्याने पाळी म्हटले, अटेंडन्सला हजेरी. आणि जेथे आपल्याकडे वस्तूच नव्हती तेथे इंग्रजी शब्द जिभेला जमेल तसा वाकवून घेतला. तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तरेतून आलेली माणसे एका पाळीत खाली उतरत, तेव्हा छत कोसळण्याचा इशारा सर्वांना एका शब्दात समजणे हे शुद्धीपेक्षा अधिक गरजेचे होते.

शेवटी एकच शब्द घेऊन पाहावा: माइनर. त्याच्या जोडीचा मेजर हा फौजेत हुद्दा आहे. कँडीसाहेबही मेजर कँडी म्हणूनच ओळखला जाई. कायद्यात वयाने लहान असलेल्यास माइनर म्हणतात, आणि मराठी कायद्याच्या भाषेने त्याला शब्द दिला अज्ञान. मग मोठा झालेला तो सज्ञान. अठरा वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी मुलगा अज्ञान असतो व दुसऱ्या दिवशी सज्ञान, ही व्याख्या ऐकून मास्तर लोकांना हसू येणे साहजिक आहे. अलीकडे अल्पवयीन हा शब्द पुष्कळ चालतो. पण जमिनीच्या जुन्या उताऱ्यांवर अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ही तीन अक्षरे अजून दिसतात.

हाच माइनर खनिजाला लागला की मराठीत गौण होतो. १९५७ च्या खाणी व खनिजे यांविषयीच्या केंद्रीय कायद्याने बांधकामाचा दगड, कंकर, साधी माती, साधी वाळू व सरकार जाहीर करील ती इतर खनिजे गौण ठरविली, आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ ने राज्यांना दिला. १९५८ च्या अधिसूचनेने त्यांत चुनखडीची भर घातली, पण एका अटीवर: ती बांधकामाचा चुना करण्यासाठी भट्टीत जात असली तर. म्हणजे त्या अधिसूचनेप्रमाणे राजूरच्या परिसरात निघणारी चुनखडी भट्टीत पडली तर गौण ठरे, आणि तोच दगड सिमेंटच्या कारखान्याकडे गेला तर प्रधान ठरे. दगडाचा रंग, वजन, जात यांत तिळमात्र फरक नाही. फरक पडे तो परवाना कोणी द्यावयाचा, दर कोणी ठरवावयाचा, यात. २०१५ मध्ये केंद्र सरकारने एकदम ३१ खनिजे गौणांच्या यादीत घातली. त्यांपैकी अभ्रक, गारगोटी, फेल्स्पार व बराइट ही चार २०२५ च्या फेब्रुवारीत परत प्रधान झाली. जमिनीखाली काहीच हलले नव्हते.

गौण या मराठी शब्दाने मात्र एक घोटाळा केला आहे, जो इंग्रजी शब्दात तितका नाही. मराठी कानाला गौण म्हणजे बिनमहत्त्वाचे, दुर्लक्ष केले तरी चालेल असे. वाळू गौण, मुरूम गौण, चुन्याचा दगडही एके काळी गौण; आणि ज्या नदीकाठच्या गावातून वाळू जाते त्या गावाला त्याहून महत्त्वाचे दुसरे खनिज नसते. राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांत त्यावरील देण्याला स्वामित्वधन असा भारदस्त शब्द आहे. भट्टीवर दगड उतरविणारा माणूस त्याला रॉयल्टी म्हणतो, आणि ती भरली की नाही एवढेच विचारतो.